सात नंबरचं गाणं

हामागुची मिसाओला स्वस्थ बसता येत नाही, हे उराशिमो बंदरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. देवळात हात जोडून उभी राहिली तरी तिची टाच जमिनीवर ताल धरते. बंदराच्या तोंडाशी तिचं माशांच्या वड्यांचं दुकान आहे. कढईत वडी सोडायची, उलटायची, मधल्या वेळात फळी पुसायची, वर बघून घारीला शिवी हासडायची आणि पुन्हा वडी उलटायची, असं तिचं दिवसभर चालतं. आमच्याकडच्या घारी माणसाच्या हातातली वडी पळवतात, म्हणून ती शिवी. पाच वर्षांपूर्वी गावाने व्यावसायिक बेसबॉलचा संघ काढला आणि नाव ठरवायला सभा भरली. कुणी वाघ म्हणालं, कुणी वादळ म्हणालं. मिसाओ उठून म्हणाली, "या गावात झडप घातली की रिकाम्या हाताने न जाणारं कोण आहे, ते जरा वर बघा की!" संघाचं नाव 'उराशिमो घारी' पडलं.

पुढे आमच्या घारींनी झडप घातलेली फारशी कुणी पाहिली नाही, ती गोष्ट वेगळी. पहिल्या वर्षी संघ शेवटचा आला. दुसऱ्या वर्षीही शेवटचाच. तिसऱ्या वर्षी शेवटून दुसरा आला, तेव्हा मासळीच्या कारखान्याच्या मालकाने, म्हणजे संघाच्याच मालकाने, बंदरावर सगळ्यांना फुकट साके पाजली. चौथ्या वर्षी संघ मुकाट आपल्या जुन्या जागी परत गेला. लीगच लहान आहे आमची. पोरं सकाळी सराव करतात, दुपारी कारखान्यात खोकी उचलतात, गावकऱ्यांच्या माडीवर राहतात आणि एखाद्या मोठ्या क्लबची नजर आपल्यावर पडावी म्हणून देव पाण्यात घालून बसतात. चार वर्षांत ती नजर एकावरच पडली. रियोजी हिकावा, सात नंबर, शॉर्टस्टॉप. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली ती जागा. तिथे सगळ्यात जास्त चेंडू येतात आणि सगळ्यात जास्त शिव्याही.

रियोजी चारही वर्षं मिसाओच्या माडीवर राहिला. मिसाओची मुलगी लग्न होऊन ओसाकाला गेली होती आणि रिकामी खोली मिसाओला खायला उठायची. पोरगा आला, घर भरलं. तो खायचा, हसायचा, मिसाओच्या बडबडीला बडबडीने उत्तर द्यायचा. आणि मिसाओने त्याला गाणं दिलं.

गाणं द्यायचं म्हणजे काय, तर आमच्याकडे फलंदाज खेळायला उभा राहिला की प्रेक्षकांत त्याचं गाणं वाजतं. ज्याचं त्याचं गाणं वेगळं. नवख्याला सुरुवातीला सगळ्यांचं मिळून असलेलं एक गाणं पुरतं, फक्त नाव बदलून. पण ज्याला स्वतःचं गाणं मिळालं, तो गावाचा झाला. मिसाओ शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायची. तो जुना ट्रम्पेट तिने संघ निघाला त्या आठवड्यात माळ्यावरून खाली काढला. ढोल केशकर्तनालयवाल्या योशिमात्सुकडे. हा तिचा शाळेपासूनचा सोबती आणि शाळेपासूनचा वैरी. चाल ती बांधायची, शब्दही तीच जुळवायची, गाव म्हणायचं. तिने स्वतः मात्र आपलं एकही गाणं कधी म्हटलं नाही. ट्रम्पेट तोंडाला लावून म्हणणार तरी कशी?

रियोजीचं गाणं तिचं पहिलं, आणि सगळ्यात चांगलंही. 'उडव रे रियोजी, उडव, बंदरापार उडव!' मासे सोलणाऱ्या बायका ते गुणगुणायच्या, बालवाडीतली पोरं ते ओरडत घरी जायची. गेल्या शरदात रियोजीला मोठ्या क्लबने निवडलं तेव्हा सगळं गाव स्टेशनवर लोटलं. मिसाओने गाडी दिसेनाशी होईपर्यंत वाजवलं. मग पोरगा गेला तो गेलाच. दोन महिने फोन आला, मग आला नाही. "रियोजी काय म्हणतो?" असं कुणी विचारलं की मिसाओ म्हणायची, "कामात आहे तो. तुमच्यासारखा रिकामटेकडा नाही." आणि वडी हवी त्यापेक्षा जोरात उलटायची.

वसंतात नवा पोरगा आला. सोमा इनोसे. पार उत्तरेकडचा, बर्फातला. क्लबने त्याला जागा दिली शॉर्टस्टॉपची, पाठीवर नंबर दिला सात आणि राहायला दिली मिसाओची माडी. एका माणसाच्या तीन जागा दुसऱ्याला अशा उचलून द्यायच्या म्हणजे त्या पोरावर अन्यायच, पण क्लबला हे कोण सांगणार? सोमा बोलायचा कमी. तीन वाट्या भात खायचा, वाटी स्वतः धुवायचा आणि "छान होतं" म्हणून वर जायचा. दारात शिरताना उंबऱ्यावर बूट आपटायची त्याला सवय होती. टक-टक, टऽक. बुटावरचा बर्फ झाडायची ही सवय, आणि आमच्याकडे बर्फ पडतो तो आईस्क्रीमच्या गाडीत.

"बूट कसले आपटतोस रे? काय झडतंय त्यातून?" मिसाओ विचारायची.

"काही नाही काकू. हात... म्हणजे पाय थांबत नाही."

हे उत्तर खरं तर तिला कळायला हवं होतं. पण तिचं मन त्याच्याशी लागत नव्हतं आणि त्याचंही तिला वाईट वाटायचं.

यंदाचा संघ मात्र बरा निघाला. योशिमात्सु तर दुकानात ज्याच्या त्याच्या गालावर वस्तरा ठेवून विचारायचा, "यंदा दुसरा नंबर नक्की की नाही?" वस्तऱ्याखालचा माणूस कशाला नाही म्हणेल? पण खरंच, दोन चांगले गोलंदाज मिळाले होते, उजव्या बाजूचा दांडगा फलंदाज रंगात होता, आणि जुलै उजाडला तेव्हा घारी तळातून वर येऊन तिसऱ्या होत्या. मुकाट्याने खाली बघावं लागत होतं ते एका सात नंबरमुळे. सोमाची बॅट चालत नव्हती. चेंडू अडवायचा सुरेख, पण फलंदाजीला उभा राहिला की खांदे आखडायचे.

एकदा जेवताना तो ताटात बघून म्हणाला, "काकू, ते गाणं..."

"होतंय, होतंय."

होत काही नव्हतं. चाल सुचायला लागली की पहिले तीन सूर रियोजीच्या गाण्याचेच यायचे. बोटांना तेवढीच वाट माहीत. मिसाओ बंदराच्या धक्क्यावर इकडून तिकडे फेऱ्या मारायची, समुद्राकडे तोंड करून फुंकायची, आणि तिसऱ्या सुराला स्वतःलाच शिवी द्यायची.

मग प्रशिक्षक सेकिदो दुकानात आले. वडी घेतली नाही, उभेच राहिले. "काकू, पुढच्या रविवारी मोठ्या क्लबची दुसरी फळी आपल्याकडे खेळायला येतेय. रियोजी आहे त्यांच्यात. त्यानंतर आमची नावं पक्की होतात. सोमाला त्या दिवशी पहिल्यापासून खेळवतो. तेव्हाही काही झालं नाही, तर त्याला घरी पाठवावं लागेल."

"मला कशाला सांगता? मी काय फलंदाजी शिकवू?"

"सगळ्यांना आपापलं गाणं आहे, त्यालाच नाही. पोरगा तिथे उघडा पडतो."

मिसाओची वडी करपली. पाच वर्षांत पहिल्यांदा.

त्याच दिवशी दुपारी फोन वाजला.

"काकू, मी रियोजी."

"कोण रियोजी? आमच्या ओळखीचा एक होता, पण त्याला फोन करता येत नव्हता."

"काकू, मारा, पण समोर आल्यावर मारा. रविवारी येतोय."

मिसाओचा राग लोण्यासारखा विरघळला. खातोस का, झोपतोस का, गादी मऊ आहे का, सगळं विचारून झालं. मग ती म्हणाली, "तिकडे तुझं गाणं कसलं बांधलंय? माझ्याहून चांगलं असेल, मोठे बँडवाले तुमचे."

"काकू, माझ्या पाठीवर एकशे सत्तावीस आहे. तीन आकडी. म्हणजे उमेदवारीतला. तीन आकडीवाल्याला कसलं गाणं? आमचे सामने बघायलाच कुणी येत नाही." मग तो उसनं हसून म्हणाला, "रविवारी एकदा वाजवाल? एकदाच. ऐकून जाईन."

"बघू," मिसाओ म्हणाली. तिच्या तोंडून हा शब्द आजवर कुणी ऐकलेला नव्हता.

तो आठवडा तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. आमच्यात एक नियम आहे. कुणी लिहिलेला नाही, पण सगळे पाळतात. आपला संघ फलंदाजी करत असेल तेव्हाच वाजवायचं. समोरच्यांची फलंदाजी असली की ट्रम्पेट मांडीवर. रियोजीसाठी वाजवायचं म्हणजे आपल्याच गोलंदाजाच्या अंगावर वाजवायचं, आणि रियोजीच्या जागी उभ्या असलेल्या सोमाच्याही. गावाला मात्र नियमबियम काही आठवत नव्हते. रियोजीच्या नावाचे फलक रंगवून झाले होते.

"एकदा वाजवलंस तर काय आभाळ कोसळणार आहे?" योशिमात्सु म्हणाला.

"सोमा तिथे उभा असताना? त्या पोराचा शेवटचा दिवस असेल तो."

"मग त्याच्यासाठी बांध काहीतरी. मिसाओ, आपला तो बाब्या हे ठीक आहे, पण तुझा बाब्या नक्की कोणता, ते एकदा ठरवून टाक."

ती तणतणत घरी आली. भात लावला, काढला, पुन्हा झाकला. तेवढ्यात दारात आवाज आला. टक-टक, टऽक. ती हातात पळी घेऊन तशीच उभी राहिली. दोन आखूड, एक लांब. रियोजीच्या गाण्यात हे कुठेच नव्हतं. सोमा आत आला तर काकू त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "परत जा. बाहेर जा आणि परत ये!" बिचारा चार वेळा आत-बाहेर करून दमला. जेवण होईपर्यंत चाल जुळली होती. कशाची ते तिने त्याला सांगितलं नाही. शनिवारी योशिमात्सुला ताल शिकवला आणि बजावलं, "रियोजीसाठी काही वाजणार नाही. सोमासाठी हे वाजेल. ठरलं."

रविवारी सकाळपासून आभाळ काळंकुट्ट. पाऊस येतो की काय, सामना रद्द होतो की काय, म्हणून अख्खं गाव माना वर करून फिरत होतं. पाऊस आला नाही, पण दिवसभर उन्हाची तिरीपही पडली नाही. मैदान कधी नव्हे ते भरलं. समोरच्या संघाच्या रांगेत शेवटून तिसरा रियोजी होता. बारीक झाला होता. मिसाओने लांबूनच ताडलं की गादी मऊ नाही.

दुसऱ्या डावात तो फलंदाजीला आला. सगळी डोकी वरच्या कोपऱ्याकडे वळली, जिथे मिसाओ नेहमी उभी असते. रियोजीने हातमोजे घट्ट केले, सैल केले, पुन्हा घट्ट केले. त्यानेही वर पाहिलं.

"मिसाओ, वाजव की!" कुणीतरी ओरडलं.

मिसाओने ट्रम्पेट मांडीवर दाबून धरला आणि स्वतःच्या चपलांकडे बघत राहिली. तिची टाच मात्र हलत होती, रियोजीच्याच तालावर. चेंडू हवेत उडाला, कुणीतरी तो झेलला, आणि रियोजी मान खाली घालून परत गेला. आपण चार वर्षं ज्याला जेवू घातलं त्याला आज दारातून उपाशी पाठवलं, असं तिला वाटलं.

तिसऱ्या डावात आमचे दोन गडी बेसवर होते, दोन बाद झाले होते, आणि फलंदाजीला सोमा. मिसाओ उठली. योशिमात्सुने काठ्या सरसावल्या. तिने ट्रम्पेट ओठांना लावला आणि मैदानाकडे पाहिलं. सोमाच्या पलीकडे, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे, रियोजी वाकून उभा होता. त्याने हातमोजा गुडघ्यावर दोनदा आपटला. चार वर्षं प्रत्येक चेंडूआधी आपटायचा तसाच.

आणि मिसाओची बोटं जुन्या वाटेने गेली.

तिसऱ्या सुराला तिला कळलं, पण तोवर गावाने गाणं उचललं होतं. सकाळपासून घशात अडकवून ठेवलेलं गाणं, ते आता कुणाच्या बापाला आवरणार? 'उडव रे रियोजी, उडव, बंदरापार उडव!' सोमा बॅट घेऊन उभा आणि सगळं मैदान समोरच्या संघातल्या माणसाचं नाव घेऊन ओरडतंय. योशिमात्सु तिच्याकडे डोळे फाडून बघत होता, पण ढोल त्याचाही चालूच. गाणं मधे तोडणं हा तर त्याहून मोठा अपशकुन. मिसाओच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ती फुंकत राहिली.

सोमा एक पाऊल मागे झाला. त्याने वर पाहिलं. मग पुन्हा जागेवर आला.

चेंडू बॅटला लागला, पण फार जोरात नाही. साधा सरपटी चेंडू, शॉर्टस्टॉपच्या जरा डावीकडे. असले चेंडू रियोजी झोपेत अडवायचा. पण रियोजी वर बघत होता. तोंड अर्धवट उघडं, लहान पोरासारखं. निघाला तेव्हा उशीर झाला होता. चेंडू त्याच्या हातमोज्याच्या टोकाला घासून मागच्या हिरवळीत गेला. आमचे बेसवरचे दोघे धाव पूर्ण करून आले, सोमा दुसऱ्या बेसवर धापा टाकत उभा. मैदानात एकच गिल्ला झाला. सोमाच्या शेजारीच रियोजी उभा होता, आणि दोघांपैकी कुणीच कुणाकडे बघत नव्हतं.

पुढच्या खेपेला मिसाओने सोमाचं गाणं वाजवलं. दोन आखूड, एक लांब. शब्द कुणालाच येत नव्हते, त्यामुळे ट्रम्पेट आणि ढोल एवढेच. सोमाने मान वर केली. मग बॅटने बुटांची माती झाडली. टक-टक, टऽक. तिला लांबूनही तो हसलेला दिसला. आणि तीन चेंडूंत पठ्ठ्या बाद झाला.

सामना हरलोच आम्ही, पण सेकिदो पायऱ्यांवर मिसाओला गाठून म्हणाले, "सोमाचं नाव ठेवलंय. मोठ्या क्लबच्या गोलंदाजावर दोन धावा काढल्या पोराने." मिसाओने मान हलवली. तो चेंडू कुणामुळे गेला, हे तिला आणि योशिमात्सुला ठाऊक होतं. ट्रम्पेट योशिमात्सुच्या हातात कोंबून ती वड्यांचा डबा घेऊन बसकडे पळाली.

रियोजी बसच्या पायरीजवळ उभा होता. डबा घेतला, झाकण उघडून वास घेतला.

"काकू, वाजवलंत."

मिसाओला खोटं बोलता येत नाही. येत असतं तर त्या दिवशी बोलली असती. "हात चुकला रे," ती म्हणाली. "त्याचंच वाजवायचं होतं. तुला बघितलं आणि हात चुकला."

रियोजीच्या चेहऱ्यावरचं हसू जरासं हललं, पण त्याने ते पडू दिलं नाही. "असू दे. ऐकायला तर मिळालं."

"तो चेंडू..."

"आमच्या सरांनीही विचारलं, तुला झालं काय? म्हटलं, ऊन डोळ्यांत आलं."

आतून कुणीतरी दरडावून त्याचा नंबर पुकारला, नाव नाही, नंबर. तो वर चढला आणि दार लागलं. मिसाओने आभाळाकडे पाहिलं. काळंकुट्ट, सकाळपासून होतं तसंच. तिच्या चुकीवर पांघरूण घालायला या पोराने आपल्या प्रशिक्षकाच्या तोंडावर एवढं ढळढळीत खोटं सांगितलं, आणि तिला त्याच्यासाठी साधं 'हो, तुझ्यासाठीच वाजवलं' एवढं म्हणता आलं नव्हतं.

बस हलली. मिसाओ तिच्या बाजूने चालायला लागली, मग पळायला. हातात ट्रम्पेट नव्हता. तेव्हा तिने तोंड उघडलं आणि गायला सुरुवात केली, 'उडव रे रियोजी, उडव...' आवाज भसाडा, श्वास पुरेना, सूर तर कुठल्या कुठे. फाटकावरचा रखवालदार "अहो बाई, बाजूला व्हा!" म्हणून ओरडत होता. गाड्यांकडे निघालेले लोक थांबून बघायला लागले. स्वतः बांधलेलं गाणं ती पाच वर्षांत पहिल्यांदा म्हणत होती.

बस फाटकाशी वळली तेव्हा मागची एक खिडकी सरकली. एक हात बाहेर आला आणि पत्र्यावर ढोलाचा ठेका धरू लागला. बस दिसेनाशी होईपर्यंत मिसाओ रस्त्याच्या मधोमध उभी राहून गात राहिली.